दोन-तीनच पायऱ्या आहेत हो!

मराठी माणसाला पायऱ्या मोजता येत नाहीत, असं माझं आता ठाम मत झालं आहे. पैसे मोजता येतात, दुसऱ्याच्या मुलाचे मार्क मोजता येतात, लग्नाच्या पंगतीत कोणी किती जिलब्या खाल्ल्या तेही मोजता येतं. पायऱ्या मात्र नाही. फोन करून विचारावं, "तुमच्याकडे आत यायला पायऱ्या किती आहेत?" की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "दोन-तीनच आहेत हो!" हे दोन-तीन म्हणजे प्रत्यक्षात पाच असू शकतात, नऊ असू शकतात, आणि एकदा तर बावीस निघाल्या होत्या, मधल्या वळणासकट. कोणी मुद्दाम खोटं बोलत नाही. ज्याला चढता येतं त्याच्या लेखी पायरी ही वस्तूच नसते. आपण दिवसातून किती वेळा पापणी मिटतो ते सांगता येतं का? तसंच.

जे नव्याने वाचायला लागले आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात: १९६७ साली, सव्वा वर्षाची असताना मला पोलिओ झाला. उजव्या पायाला कॅलिपर, दोन कुबड्या, आणि त्यावर शाळा, कॉलेज, बँकेतली नोकरी असं सगळं रीतसर झालं. गेल्या चार वर्षांपासून मात्र घराबाहेर व्हीलचेअर. पाय होते तसेच आहेत, खांदे गेले. पन्नास वर्षं ज्या खांद्यांनी पायांचं काम केलं ते आता म्हणतात, बाई, आम्हालाही निवृत्ती द्या. डॉक्टर म्हणाले, "जे हिंडायचं ते हिंडून घ्या, पण खांदे जपून." डॉक्टर लोक अशी वाक्यं किती सहज बोलतात!

तर हिंडून घ्यायच्या यादीत माझ्या सगळ्यात वर होतं कोल्हापूर. अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा हे सगळं आहेच (आणि ते सगळं झालंच, मामेबहिणीच्या घरी उतरल्यावर ते न होणं शक्यच नाही). पण मला जायचं होतं ते चित्रकारांच्या मागावर. या गावाला लोक कलापूर म्हणतात ते उगाच नाही. माझं आजोळ इथलं. आजोळच्या माजघरात पणजोबांचं एक मोठं काळं-करडं चित्र होतं. लहानपणी मला तो फोटोच वाटायचा. मामा म्हणायचा, फोटो नव्हे, शेडिंग आहे ते. कोणा चित्रकाराने एका बोटभर फोटोवरून पावडर घासून घासून एवढा थोरला माणूस उभा केला होता. मी त्याच्या मिश्यांकडे तासन् तास बघत बसायची. बाकीची भावंडं गच्चीवर पतंग उडवायची, मी पणजोबांसमोर. चित्रं बघायची सवय मला अशी लागली. सक्तीने म्हणा हवं तर.

सोबत मामेबहीण आणि तिचा मुलगा. (तिचं नाव इथे लिहिलं तर पुढच्या खेपेला ती मला घरात घेणार नाही, म्हणून ती फक्त ताई. आणि तो भाचा.) भाचा इंजिनियर आहे, त्यामुळे त्याने सगळ्या सहलीचा प्रोजेक्ट केला.

सगळ्यात सोपं काय असेल तर बिंदू चौक. महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे तिथे आहेत. ९ डिसेंबर १९५० ला ते बसवले गेले, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीत. भाई माधवराव बागलांनी पुढाकार घेतला. ते स्वतःही चित्रकार होते, हे आता पुष्कळांना माहीत नसतं. आणि कोल्हापुरात कलेची गोष्ट निघाली की बाबूराव पेंटर आलेच. तेच ते, सुतारकी-मूर्तिकामाच्या घराण्यात जन्मलेले बाबूराव मेस्त्री, नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून रंगवून 'पेंटर' झालेले, स्वतः कॅमेरा बनवून १९२० साली 'सैरंध्री' काढणारे. खरी कॉर्नरला त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण म्हणून कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. तोही आम्ही पाहिला. तोही रस्त्यावरच.

गाडी बाजूला लावून मी बिंदू चौकात खिडकीतून बघत बसले. मागे हॉर्नचा गदारोळ, समोर भेळवाला, आणि मध्ये फुले-आंबेडकर. आणि मनात आलं, काय शहाणपणा आहे हा! चौकातल्या पुतळ्याला दार नाही, तिकीट नाही, उंबरा नाही. ज्या दोन माणसांनी जन्मभर 'तुम्हाला आत यायला मनाई आहे' या वाक्याशी भांडण केलं, त्यांच्यापाशी जायला कोणालाच मनाई नाही. पुतळे घडवणाऱ्याच्या मनात हे होतं का नव्हतं कोण जाणे, पण ती कला बघायला मला कोणाची मदत लागली नाही.

दुसरं कोटितीर्थ. आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) हे कोल्हापूरच्या चित्रकारांचे मूळपुरुषच म्हणायचे. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले, तिथे राहिले असते तर नाव आणि पैसा दोन्ही मिळालं असतं, पण परत आले. शाहू महाराजांचा आश्रय मिळाला, आणि हा फकीर वृत्तीचा माणूस कोटितीर्थाच्या काठी राहून चित्रं काढत बसला. तेच तळं, तीच झाडं, पहाटेची, दुपारची, संध्याकाळची. त्यांची आणि बाबूरावांच्या पिढीची चित्रं टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. पण घर म्हणून जाऊन बघावं असं काही नाही. तळं हेच घर. तळ्याभोवती आता गाव दाटलंय, आबालालांनी रंगवलेली ती शांतता शोधावी लागते. पण पाण्यावरचा प्रकाश संध्याकाळी अजून बदलतो, तो काही महानगरपालिकेच्या ताब्यात नाही. :-)

तिथेच एका रिक्षावाल्या मामांनी आमची धडपड बघितली. खुर्ची डिकीतून काढणं, चाकं लावणं, मला उतरवणं. ते सरळ येऊन उभे राहिले. "आक्का, कुठं जायचं हाय? काय बी काळजी करू नगासा. आमची चार पोरं हाईत स्टँडवर. खुर्चीसकट उचलतो की तुमास्नी!"

हे कोल्हापूर. आणि हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे. आता जरा यावर बोलू, कारण मला खरं सांगायचं आहे ते हेच.

मला पहिली उचलणारी आई. नवव्या वर्षापर्यंत तिने मला कडेवर घेतलं. आजोळच्या माडीचा जिना, बाबुजमालजवळच्या मावशीच्या घराचा जिना, शाळेचा जिना. तिची कंबर पुढे कायमची दुखायला लागली त्याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. आईने उचलणं हा वेगळा विषय आहे, त्यावर मी लिहू शकत नाही. पण त्यानंतर वडील, काका, शाळेचे शिपाई, कॉलेजची मुलं, लग्नाच्या हॉलचे वाढपी, रेल्वेतले हमाल, अनोळखी माणसं. आपल्या देशात माणूस उचलायला माणसं कधीच कमी पडत नाहीत. परदेशात राहणारा माझा भाऊ म्हणतो, तिकडे रॅम्प असतो पण कोणी जवळ येत नाही. इकडे उलट. बघता बघता चौघं जमतात, पाचवा सूचना द्यायला लागतो.

मी या माणुसकीला नावं ठेवत नाही. नऊ वर्षांची मुलगी उचलणं आणि साठीला आलेली, सत्तर किलोची, साडी नेसलेली बाई उचलणं यात फरक आहे एवढंच म्हणते. चार परके हात कुठे कुठे लागतात ते उचलणाऱ्याला कळत नाही, उचलली जाते तिला कळतं. आणि आपल्या अंगाचा ताबा आपल्याकडे नसतो त्या अर्ध्या मिनिटात हसतमुख राहावं लागतं, कारण मंडळी पुण्य करत असतात.

काही वर्षांपूर्वी एका थोर कलावंताच्या घरी (गाव सांगत नाही, नाव सांगत नाही) मला असंच वरच्या मजल्यावर नेलं. त्यांची बसायची खोली वर होती. तिघं खालून, एक वरून. जिन्याच्या मध्यावर एकाची चप्पल निसटली. खुर्ची कलली, मी कठडा धरला म्हणून वाचले. उजव्या खांद्यात जी कळ आली ती पुढे सहा महिने गेली नाही. वर पोचल्यावर सगळे घामाघूम, आणि म्हणतात काय, "बघा, जमलं की नाही!" मग माझ्याबरोबर फोटो काढला. त्या खोलीत मी काय पाहिलं? काहीच नाही. सगळा वेळ डोक्यात एकच, आता उतरायचं कसं.

माझा मुद्दा असा आहे की जिथे उचलणारे हात सहज मिळतात तिथे रॅम्प बांधायची गरज कोणाला वाटत नाही. आपली चांगुलपणाची सवयच आपल्या आड येते. "अहो रॅम्प कशाला, आम्ही आहोत ना!" हे वाक्य ज्याने कोणी उच्चारलं त्याने मनापासूनच उच्चारलेलं असतं. पण "आम्ही" रविवारी असतोच असं नाही. आणि मला कधीतरी एकटीला जावंसं वाटलं तर? कोणाला न सांगता, कोणाचे आभार न मानता, दुपारी तीन वाजता, एक चित्र बघायला?

असो. तर मामांचे आभार मानून आम्ही राजारामपुरीत गेलो, चंद्रकांत मांडरे यांच्या घरी. 'निसर्ग' त्याचं नाव.

तरुण वाचकांसाठी: चंद्रकांत म्हणजे मराठी चित्रपटातले देखणे नायक. १९४१ च्या प्रभातच्या 'शेजारी'मध्ये ते होते, आणि १९५२ साली भालजी पेंढारकरांच्या 'छत्रपती शिवाजी'त शिवाजी महाराज तेच. आमच्या आईच्या पिढीच्या मनातले महाराज हे चंद्रकांतांच्या चेहऱ्याचे होते, त्याला इलाज नाही. सूर्यकांत हे त्यांचे धाकटे भाऊ. पण चंद्रकांत हे आधी आणि शेवटपर्यंत चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या तालमीतले. निसर्गचित्रं, व्यक्तिचित्रं, आणि पावडर शेडिंग! हो, माझ्या पणजोबांच्या मिश्यांचं तंत्र. १९८० च्या दशकात त्यांनी आपलं घर आणि आपली चित्रं शासनाला देऊन टाकली, आणि तिथे राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय झालं. २००१ साली ते गेले.

आत जाण्याआधी आमचा भाचा नेहमीप्रमाणे पाहणीला गेला. बंगला म्हटला की जोतं आलं, जोतं आलं की पायऱ्या आल्या, हे महाराष्ट्रात कुठेही खरं. मी कशी आत गेले, किती पाहिलं, किती राहिलं याचा हिशोब इथे देत नाही, कारण त्या वास्तूचं परीक्षण लिहायला मी बसलेली नाही. तो बंगला एका माणसाने राहण्यासाठी बांधला होता, माझ्यासारखीने बघायला यावं म्हणून नव्हे, आणि तो राग धरण्याचा विषय नाही.

पण आत काय झालं ते सांगते. पावडर शेडिंग मी पहिल्यांदा इतक्या जवळून बघितलं. आजोळचं चित्र उंच टांगलेलं असायचं, आणि उंच टांगलेल्या गोष्टी हा माझा जुना शत्रू. इथे नाकासमोर. रंगाची कोरडी पूड, तिच्यात ना पाणी ना तेल. ती बोटाने, कापसाने, फडक्याच्या टोकाने कागदावर चोळत चोळत छटा चढवायच्या. जिथे उजेड हवा तिथे कागद राखायचा. ब्रशचा फटकारा दिसत नाही, रेघ दिसत नाही, जणू चित्र कागदातूनच वर आलं आहे. जलरंगात हात एकदा चालला की चालला, इथे धीर धरावा लागतो. हे सगळं बोटाच्या टोकाचं काम. मनगट आणि बोट! माझ्या मनात आलं, हे मला जमलं असतं. याला पाय लागत नाहीत, खांदासुद्धा फार लागत नाही. साठीला आल्यावर सुचलेला विचार आहे, पण सुचला खरा. घोड्यावर बसून तलवार उपसणारा हा माणूस घरी येऊन तासन् तास एका जागी बसून बोटाने पूड घासत असे, हे मला पडद्यावरून कधीच कळलं नसतं.

इथे काही जण म्हणणार (ताईने तर तिथल्या तिथेच म्हटलं), "अगं, पण चित्रंच बघायची तर हल्ली सगळं मोबाईलवर दिसतं. घरबसल्या बघता येतं."

घरबसल्या! हा शब्द इतरांसाठी सोय असेल. आम्हाला तो जन्मल्यापासून ऐकवला जातो. घरबसल्या शिका, घरबसल्या नोकरी करा, घरबसल्या देवदर्शन घ्या. कोविडच्या काळात २०२० मध्ये सगळं जग चार महिने घरात बसलं तेव्हा माझ्या धडधाकट मैत्रिणी फोनवर रडायच्या, "वेड लागेल गं!" मी म्हटलं, सावकाश लागतं, सवय होते. मला मोबाईलवरची चित्रं प्रिय आहेत, रात्री झोप येत नाही तेव्हा त्यांच्याशिवाय माझं कोण आहे? पण मोबाईलवर सगळी चित्रं एकाच मापाची होतात. पूड कागदावर कशी बसली आहे, चित्रापासून खिडकी किती लांब आहे, त्या खिडकीतून उजेड कुठल्या बाजूने येतो, माणूस कुठे बसत असेल, पाणी प्यायला उठला तर किती पावलं चालत असेल, हे काही कळत नाही. आणि खरं सांगू का, ही पावलं मोजायची खोड आमच्यासारख्यांनाच असते. आम्ही कोणाच्याही घरात गेलो की आधी न्हाणीघर किती लांब आहे ते बघतो.

म्हणूनच कलावंतांची घरं बघायला मला आवडतं. भिंतीवरच्या चित्रात तो कलावंत थोर असतो, घरात तो माणूस असतो. त्यालाही गुडघे होते. मेक्सिकोत फ्रिडा काहलो या चित्रकर्तीचं निळं घर आहे. तिला सहाव्या वर्षी पोलिओ झाला, मग १९२५ साली बसच्या अपघातात हाडांचा चुराडा. अंथरुणावर पडून, वर आरसा टांगून तिने स्वतःला रंगवलं. तिच्या चित्रशाळेत इझलसमोर तिची चाकांची खुर्ची ठेवलेली आहे. तिचा देहान्त १९५४ चा. त्याच वर्षी इकडे बाबूराव पेंटर गेले. त्या खुर्चीचा फोटो मी कितीदा बघितला असेल! जगभरची माणसं तिच्या घरी रांग लावतात आणि त्या खुर्चीपाशी थबकतात. मेक्सिकोला जाणं काही माझ्या नशिबात नाही. पण कलावंत म्हणजे धडधाकटच असायचा आणि त्याला बघायला येणाराही धडधाकटच असायचा, असं कुठे लिहून ठेवलं आहे?

आता 'वारसा वास्तू आहे, हात लावता येत नाही' हा मुद्दा. हा मुद्दा मला पूर्ण खोटा वाटत नाही. भाच्याने मला हिशोब करून दाखवला: व्हीलचेअरला स्वतःच्या हाताने चढता येईल असा उतार म्हणजे एकास बारा. सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट लांब रॅम्प. तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट! गावातल्या जुन्या घरापुढे अठरा फूट आणायचे कुठून? रस्त्यात जाईल तो. तेव्हा प्रत्येक घराला रॅम्प व्हायलाच पाहिजे असा हट्ट मी धरणार नाही. सरकते लाकडी रॅम्प मिळतात, दोन्ही बाजूंना कठडे बसवता येतात, वरच्या मजल्यावरच्या दोन चांगल्या वस्तू खाली आणून मांडता येतात, मध्ये टेकायला एक खुर्ची ठेवता येते. यातल्या कशानेही वारशाला तडा जात नाही. जुन्या वास्तूत ट्यूबलाइट लावताना, सीसीटीव्हीची वायर ठोकताना आणि उद्घाटनाची संगमरवरी पाटी बसवताना मात्र हा मुद्दा कुणाला आठवत नाही, एवढंच माझं निरीक्षण.

कायदाही आहे बरं का. २०१६ साली दिव्यांग हक्कांचा कायदा झाला, २०१७ मध्ये त्याचे नियम आले, आणि सगळ्या जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या असं त्यात ठरलं. म्हणजे २०२२. ते वर्ष आलं आणि गेलं. मग ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात (तो २००५ साली दाखल झाला होता, एका दृष्टिहीन माणसाने!) सांगितलं की सुगमतेचे नियम नुसते शिफारशीवजा असून चालणार नाहीत, सक्तीचे हवेत. वाचून बरं वाटलं. पण माझ्या खांद्यांना न्यायालयाच्या तारखा समजत नाहीत, त्यांचं वेळापत्रक निराळं आहे.

आणि हा प्रश्न आमच्याबरोबर संपेल अशी आशा कोणी धरू नये. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. फार आनंदाची गोष्ट आहे, त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले होते. आम्हा पोलिओवाल्यांची संख्या आता कमी होत जाणार. पण जिन्याशी थबकणारे कमी होणार नाहीत. ताईचंच बघा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, जन्मभर दणादणा चालली, अंबाबाईच्या देवळात धावत जायची. परवा बघते तर जिना उतरताना आडवी होऊन, भिंत धरून, एकेक पाय खाली टाकते आहे. मी काही बोलले नाही. तीच म्हणाली, "हसू नको, गुडघे गेलेत." मी हसत नव्हते. मी पायऱ्या मोजत होते. तिच्या घराला अकरा आहेत. पन्नास वर्षांत तिने एकदाही मोजल्या नव्हत्या, आता तिला पाठ आहेत.

तेव्हा माझी मागणी अगदी स्वस्तातली आहे. सगळ्यात आधी आकडा सांगा. पायऱ्या किती, कठडा कुठल्या बाजूला, दार किती रुंद, स्वच्छतागृह आहे का आणि ते कुठे, चित्रं कुठल्या मजल्यावर. एक पाटी, किंवा फोन उचलणाऱ्याच्या समोर एक कागद. मी ठरवीन यायचं की नाही ते. एकदा, फक्त एकदा, एका जुन्या वाड्यातल्या वॉचमनने मला फोनवर असं उत्तर दिलं होतं: "बाई, सात पायऱ्या आहेत. तिसरी तुटकी आहे. कठडा डाव्या हाताला, पण तो हलतो, त्याच्यावर भरवसा ठेवू नका. सकाळी या, दुपारी दगड तापतो." मी गेले नाही तिथे, सात मला झेपल्या नसत्या. पण इतक्या आदराने मला आजवर कोणी नकार दिलेला नाही. नंतर कळलं की त्याच्या बायकोला अर्धांगवायू झाला होता.

कोल्हापुरात आणखी एका वास्तूकडे माझं लक्ष आहे. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळालं. सगळं कोल्हापूर रडलं त्या रात्री. ताईने फोन केला तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ते पुन्हा जसंच्या तसं उभं करायचं ठरलं, आणि ते योग्यच आहे. पण 'जसंच्या तसं' या शब्दाने मला जरा धडकी भरते. कमानी जशाच्या तशा करा, सज्जे जसेच्या तसे करा. पण आमच्यासारख्यांची जागा जशीच्या तशी नको, कारण ती १९१५ मध्ये नव्हतीच. नव्याने बांधताना उतार काढायला वेगळे पैसे पडत नाहीत, नकाशावर एक रेघ जास्त ओढावी लागते. कोल्हापूरच्या मंडळींनो, तुमच्यापैकी कोणाची त्या कामाशी संबंधितांपर्यंत ओळख असेल तर ही गोष्ट त्यांच्या कानावर घाला. खेळ सुरू झाल्यावर दोन खुर्च्या काढून कडेला "ॲडजस्ट" करतात ते नको. आणि रंगमंचावर जायलाही उतार असू दे. आमच्यातलं कोणी फक्त बघायलाच येईल असं का धरून चालायचं?

परतीच्या आदल्या दिवशी ताईने माळ्यावरून पणजोबांचं चित्र काढवून घेतलं. वाडा विकल्यापासून ते जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेलं. काच तडकलेली, खालच्या कोपऱ्यात ओल लागून पूड थोडी उडालेली. भाच्याने ते टेबलावर माझ्यासमोर आडवं ठेवलं. म्हणजे पंचावन्न वर्षांनी मी त्यांना वरून खाली बघितलं. मिश्या अजून झकास आहेत. डाव्या गालावर, अगदी बारकाईने बघितलं तर, चित्रकाराच्या बोटाचा ठसा दिसतो. तो मला तेव्हा खालून दिसणं शक्यच नव्हतं.

पुढच्या थंडीत औंधला जायचं चाललं आहे, साताऱ्याकडचं औंध. तिथलं भवानी संग्रहालय १९३८ चं, भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारलेलं. राजे स्वतः चित्रकार होते, हे माझ्या सोयीचं. पण त्यांनीच साऱ्या महाराष्ट्राला सूर्यनमस्कार घालायला लावले, आणि अशा माणसाने संग्रहालय कुठे बांधावं? टेकडीवर! भाच्याला मोजायला पुढे पाठवते आहे. त्याला बजावून ठेवलंय, येऊन "दोन-तीनच आहेत" म्हणालास तर तुझ्या लग्नाला येणार नाही.